ऋषीची भाजी यंदा गच्चीतली करायची आहे, पण भोपळा धरत नाही

मृगधारा | २१ जुलै, रात्री ९:५२

नमस्कार. मदत हवी आहे आणि दिवस थोडे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, वरची अर्धी गच्ची आमच्याकडे आहे. सासूबाई होत्या तोवर गणपतीला सगळे गुहागरजवळच्या घरी जमायचो. ऋषिपंचमीची भाजी त्या पूर्ण परसातली करायच्या. अळू, लाल माठ, भेंडी, शिराळं, पडवळ, लाल भोपळा, मक्याची कणसं. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून कुदळीनं खणून हातानं लावलेलं तेवढंच. त्या गेल्याला दीड वर्ष झालं. गेल्या वर्षी घरात सण नव्हते. यंदा गणपती पुण्यात आमच्याकडे येणार. मंडईत ऋषीच्या भाजीचे वाटे मिळतात हे माहीत आहे, पण यंदा ती भाजी आपण लावलेली असावी असं फार वाटतंय.

१ जूनला बिया टोकल्या. भोपळा रंगाच्या २० लिटरच्या रिकाम्या बादलीत, शिराळं आणि पडवळ १५ इंची ग्रो बॅगमध्ये, भेंडीची आठ झाडं, कठड्याशी मक्याची बारा. अळूचे कांदे गुहागरहून आणले. बागेची माती, शेणखत आणि कोकोपीट सारखं घेतलं. वेल तारेवर छान चढलेत, पानं तळहाताच्या दुप्पट.

अडचण अशी की भोपळ्याला आधी नुसती नरफुलं आली. आता मादीफुलं येतात, पण मागचा गोळा लिंबाएवढा झाला की पिवळा पडून गळतो. शिराळी बोटाएवढी होऊन सुकतात. मधमाश्या दिसत नाहीत, म्हणून आठ दिवस हातानं परागीकरण करतेय. घरचं आवरून अकराच्या सुमारास वर जाते, नरफूल तोडून मादीफुलावर फिरवते. एकही फळ धरलेलं नाही.

ऋषिपंचमी २८ ऑगस्टला आहे, म्हणजे ३८ दिवस. होईल का?

लिंबोणी | २१ जुलै, रात्री १०:२०

आमच्याकडेही अगदी हेच, फक्त दुधीच्या बाबतीत. उत्तरांची वाट बघतेय. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

वऱ्हाडी_ठेचा | २१ जुलै, रात्री १०:४१

ताई, पानं तळहाताच्या दुप्पट म्हणता तिथंच मला शंका येते. वेल माजलाय. तीनात एक भाग शेणखत म्हणजे त्याला खाऊनपिऊन सुस्ती आली. आता महिनाभर शेणखत, गांडूळखत, खरकट्याचं पाणी सगळं बंद करा. मूठभर लाकडाची राख बुंध्यापासून लांब टाका.

आमच्या नागपुरात याला कोहळं म्हणतात. आधी वाटलं तुम्ही दुसऱ्याच कशाबद्दल लिहिताय.

हिशेबनीस | २१ जुलै, रात्री ११:०५

भावना पोचली. पण गच्चीवर भाजी करणाऱ्या सगळ्यांनाच एक मनापासून विचारायचं आहे. बॅगा, माती, कोकोपीट, तार, जाळी यांचा खर्च आणि हाती येणारी भाजी यांचा मेळ बसतो का? मी दोन वर्षं केलं. टोमॅटोची चार झाडं पांढऱ्या माशीमुळे पानं वळून गेली. त्यानंतर थांबलो. नवीन माणसानं उतरण्याआधी हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

शेतीशाळा | २२ जुलै, सकाळी ७:१५

मृगधाराताई, होईल. तुमची चूक एकच आहे आणि ती वेळेची आहे.

लाल भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि नऊ-दहापर्यंत मिटायला लागतं. अकरा वाजता तुम्ही जे परागकण लावता त्यांच्यात दम उरलेला नसतो आणि मादीफुलाची वेळही टळलेली असते. मादीफूल एकाच सकाळपुरतं असतं, दुसरी संधी नाही. साडेसहा ते आठ या वेळात वर जा.

शिराळ्याचं बरोबर उलटं. ते संध्याकाळी पाच-सहानंतर उमलतं, त्यामुळे सकाळी अकराला तुम्हाला आदल्या रात्रीची शिळी फुलं सापडतात. लिंबोणी, तुमच्या दुधीचंही तेच, पांढरं फूल तिन्हीसांजेचं. पडवळ रात्रीचं, त्याची झालरीसारखी पांढरी फुलं पतंगांसाठी असतात. घोसाळी, कारली, काकडी मात्र सकाळची. शिराळं आणि घोसाळं सख्खी भावंडं, पण एक संध्याकाळचं आणि एक सकाळचं, हे लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं.

रीत अशी: आदल्या संध्याकाळी भोपळ्याची उद्या उमलणारी कळी ओळखायची. तिच्या टोकाला पिवळसर नारिंगी रंग चढलेला असतो. एक मादीकळी आणि दोन नरकळ्या दोऱ्यानं हलक्या बांधून ठेवा, म्हणजे रात्रीच्या पावसात आत पाणी जाणार नाही. भिजलेले परागकण फुगून फुटतात. सकाळी नरफुलाच्या पाकळ्या काढा, मधला दांडा मादीफुलाच्या तिन्ही भागांवर नीट फिरवा. एका मादीला दोन-तीन नर वापरा. तिन्ही भागांवर पराग पडले नाहीत तर फळ वाकडं होतं किंवा मध्येच गळतं. नंतर फूल पुन्हा बांधून टाका.

वऱ्हाडीदादांचं खतांबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. शिवाय २० लिटरची बादली भोपळ्याला अपुरी. आता बदलायला जाऊ नका, मुळं दुखावतील. या बादलीत एक, फार तर दोन फळं धरू द्या.

मृगधारा | २२ जुलै, सकाळी ७:४०

वाचून तशीच वर धावले. दोन मादीफुलं उघडी आहेत आणि त्यातल्या एकात चक्क मधमाशी! म्हणजे मधमाश्या येत होत्या, मीच त्या वेळी तिथं नव्हते. दोन्ही केली. हात थरथरत होता.

कोकणकडा | २२ जुलै, सकाळी ९:३०

आमची आजी पहाटे गोठ्यातलं आवरून आधी मांडवाखाली जायची आणि मगच चूल पेटवायची. ती फुलांना हात लावताना मी पाहिलेलं नाही, तिथं किड्यांची कमी नव्हती. पण भोपळ्याचं धरलेलं फळ आणि न धरलेलं फळ ती लांबून सांगायची. धरलेलं फळ दोन-तीन दिवसांत देठाशी खाली झुकतं आणि तुकतुकीत होतं, न धरलेलं ताठ राहून मंद पडतं. बघा तपासून. आणि त्याच्याकडे बोट दाखवू नका, कुजतं! (आजीची ताकीद, मी अजून पाळतो.)

खानदेशी_वांगं | २२ जुलै, दुपारी १२:१०

अवांतर: शेतीशाळा, तुमचं घोसाळं म्हणजे आमचं गिलकं. तुमचं शिराळं म्हणजे दोडकं. लाल भोपळा आमच्याकडे गंगाफळ, कुठे डांगर, विदर्भात कोहळं. आणि पुण्यात कोहळा म्हटलं की पेठ्याचा पांढरा. बियांचं पाकीट घेताना एकदा मी दुकानदाराशी पंधरा मिनिटं बोललो आणि दोघंही वेगवेगळ्या भाज्यांबद्दल बोलत होतो.

वऱ्हाडी_ठेचा | २२ जुलै, दुपारी १२:३४

आणि सांबार! मुंबईच्या भावजयीला म्हटलं, गच्चीतून जरा सांबार आण. ती बिचारी वर जाऊन भांडं शोधत होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हो.

लिंबोणी | २२ जुलै, दुपारी १२:५०

@वऱ्हाडी_ठेचा, आता सांबारवडी या नावाचा उलगडा झाला! इतकी वर्षं मी त्यात डाळ शोधत होते.

निवृत्त_मास्तर | २२ जुलै, संध्याकाळी ६:२०

मृगधारा, तुला पंचमीपासून मागे मोजत यावं लागेल. मी असं मोजतो.

लाल माठाला पेरल्यापासून अठ्ठावीस ते तीस दिवस लागतात. आता पेरलास तर पंचमीपर्यंत जून होईल. २८-२९ जुलैला पेर. बी मोहरीहून बारीक असतं, चारपट कोरड्या रेतीत मिसळून भुरभुरव, नाहीतर एका जागी गर्दी होते. वर मातीचा पापुद्रा पुरे. पहिले आठ दिवस पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा कर.

शिराळं फूल धरल्यापासून दहा-बारा दिवसांत कोवळं तोडता येतं. म्हणजे तुझा शेवटचा दिवस १६-१७ ऑगस्ट. पडवळाचंही साधारण तसंच. भोपळा पुरता पिकायला धरल्यापासून सव्वा ते दीड महिना घेतो. तो पंचमीला हिरवाच असेल, पण कोवळा भोपळा सालीसकट भाजीत फार सुंदर लागतो. जुलैअखेर धरला पाहिजे एवढंच. भेंडीला फुलानंतर पाच-सहा दिवस पुरतात, पण ती एक दिवसाआड तोडत राहा. एक जरी झाडावर जून झाली तरी झाड नवीन फुलं कमी काढतं.

मका मला काळजीचा वाटतो. एका ओळीत बारा झाडं लावलीस. मक्याचे पराग वाऱ्यानं पडतात, म्हणून तो चौकोनात लावतात, चार ओळी तीन-तीनच्या. तुझ्याकडे अर्धे पराग कठड्याबाहेर जाणार. तुरा आला आणि कणसाचे केस बाहेर पडले की रोज सकाळी तुरे केसांवर झटक. दाणे विरळ भरतील, पण भरतील.

हिशेबनीस | २२ जुलै, रात्री ९:१५

मास्तर, हा प्रतिसाद मी छापून घेतला.

मृगधारा | २२ जुलै, रात्री ९:४८

मास्तर, कॅलेंडरवर सगळं लिहून स्वयंपाकघरात लावलं. शिराळ्याची चार मादीफुलं संध्याकाळी साडेसहाला केली. मुलगा टॉर्च धरून उभा होता.

हिशेबनीस, तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे. आतापर्यंत २,८०० रुपये झाले. पुढच्या वर्षी बॅगा आणि तार तीच राहील. भाजीच्या भावात हे वसूल व्हायला वेळ लागेल हे मान्य आहे आणि मला ते चालणार आहे.

गच्चीवाला_अभियंता | २३ जुलै, सकाळी १०:०२

खर्चाआधी वजनाचं बोला, कृपया. ओल्या मातीचं वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास जातं. गच्चीवर दीड फूट मातीचा वाफा केला तर चौरस मीटरला ८०० किलो भार झाला. माणसं वावरतात अशा गच्चीसाठी आपल्याकडे साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर धरतात. म्हणून सरसकट मातीचे वाफे बांधू नका. मृगधारा यांच्यासारख्या सुट्या बॅगा चालतील, त्याही मधोमध नको, भिंती आणि बीम असतील त्या कडेनं. खाली विटा किंवा स्टँड ठेवा, म्हणजे पाणी वाहून जाईल आणि गळतीची तक्रार येणार नाही.

चिपाडवाली | २३ जुलै, सकाळी ११:२५

म्हणूनच उसाचं चिपाड! माझ्या गच्चीवर माती फक्त पाचवा हिस्सा. उन्हाळ्यात जवळच्या रसवंतीतून पोती भरून चिपाड आणायचं, तुकडे करून आठवडाभर ओलं ठेवायचं. बॅगेत तळाशी नारळाच्या शेंड्या, मग चिपाड आणि पालापाचोळ्याचे थर, मध्ये शेणाचं पाणी, वरचे चार बोटं माती आणि कंपोस्ट. दोन-तीन महिन्यांत ते काळंभोर होऊन निम्म्यावर बसतं, पुन्हा भरायचं. बॅग एका हातानं सरकवता येते. कोकोपीट विकत घ्यायची गरज नाही, आणि घेतलंच तर दोनदा धुऊन घ्या, त्यात मीठ असतं.

हिशेबनीस, टोमॅटो तुम्ही कोणत्या महिन्यात लावले होते? मार्च-एप्रिलमध्ये लावले तर पांढरी माशी सोडत नाही आणि उकाड्यात फूलही गळतं. सप्टेंबरअखेर रोपं लावा, फरक बघा.

हिशेबनीस | २३ जुलै, दुपारी १:०८

मार्चमध्येच लावले होते. दोन्ही वर्षी. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

रसायनशास्त्री | २३ जुलै, दुपारी ३:३०

एक वेगळं मत. कुंडीत माती थोडी, पाऊस जोराचा, अन्नद्रव्यं धुपून जातात. फळं धरल्यावर पोटॅश आणि कॅल्शियम लागतं. विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम, दहा दिवसांनी एकदा, यानं काही बिघडत नाही. रासायनिक शब्दाला उगाच भितो आपण.

चिपाडवाली | २३ जुलै, दुपारी ४:१५

भीती नाही, पण माझ्या बॅगेत गांडुळं आहेत आणि मला ती हवी आहेत. राख आणि केळीच्या सालींचं कंपोस्ट यावर माझं भागतं.

शेतीशाळा | २३ जुलै, संध्याकाळी ५:००

दोघांचंही चालतं. नुसत्या कोकोपीटमध्ये लावणाऱ्याला विद्राव्य खताशिवाय पीक येणार नाही. जिवंत मातीत लावणाऱ्याला त्याची गरज फार कमी. आपण कशात लावलंय त्यावर ठरवा, गटावर ठरवू नका.

काणकोण | २४ जुलै, सकाळी ८:४४

गोव्यात आमची मोजणी चवथीपासून होते. गणपतीच्या वर माटोळी बांधतात, तिच्यात भोपळा, दोडगी, काकडी, चिबूड, सुपारीचे घोस, रानातली फळं टांगायची. आई पहिल्या पावसाला बिया घालते ते माटोळी डोळ्यांसमोर ठेवूनच. चिबूड फुटू नये म्हणून त्याला केळीच्या सोपानं बांधते. बाजारात सगळं मिळतं, तरी घरचं एक तरी फळ माटोळीत पाहिजेच. मृगधाराताई, तुमची तळमळ इथं बसून समजते.

नीता_न्यू_जर्सी | २५ जुलै, सकाळी ६:१०

इथून लिहिते. आमच्याकडे मेच्या मध्यापर्यंत हिम पडायची धास्ती, म्हणून शिराळ्याच्या बिया एप्रिलमध्ये घरात खिडकीशी रुजवते. अळू मोठ्या कुंडीत, थंडीत गॅरेजमध्ये. माझा प्रश्न वालपापडीचा. पाच वर्षं वेल कुंपणभर पसरतो आणि ऑक्टोबरमध्ये फुलं आली की हिमानं मरतो. आईच्या बिया आहेत, साताऱ्याच्या.

शेतीशाळा | २५ जुलै, रात्री ८:२०

@नीता, बियांचा दोष नाही. आपले पारंपरिक वाल दिवस लहान झाल्यावर फुलतात. महाराष्ट्रात ते दिवाळीच्या सुमाराला होतं आणि पुढे थंडीभर शेंगा येतात. तुमच्याकडे उन्हाळ्याचा दिवस फार मोठा, तो आखडेपर्यंत हिम दाराशी. मोठ्या कुंडीत लावून ऑगस्टपासून रोज संध्याकाळी पाचला काळ्या कापडानं झाका आणि सकाळी सातला काढा, असं तीन आठवडे करून बघा. नाहीतर दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेलं झुडपी वालाचं वाण शोधा.

नीता_न्यू_जर्सी | २५ जुलै, रात्री ९:०२

पाच वर्षं मी त्या वेलाला खत कमी पडतंय म्हणून वाढवत होते. उद्याच कुंडी आणते.

मृगधारा | २८ जुलै, सकाळी ८:१२

झुकला! कोकणकड्याच्या आजी म्हणाल्या तसा. २२ तारखेच्या दोनपैकी एक भोपळा देठाशी वाकलाय, तुकतुकीत, संत्र्याहून मोठा. दुसरा गळला. शिराळी चारपैकी तीन धरली. लाल माठ आज पेरला. बोट दाखवत नाहीये.

लिंबोणी | २८ जुलै, सकाळी ८:३०

काल तिन्हीसांजेला माझेही दोन दुधी केलेत. देव पाण्यात ठेवलेत.

मृगधारा | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३५

वाईट बातमी. वीतभर झालेली दोन शिराळी वाकडी झाली, एका बाजूला डिंकासारखा थेंब. चिरली तर आत पांढऱ्या अळ्या. भोपळा अजून ठीक आहे, पण मला झोप येणार नाही.

शेतीशाळा | ६ ऑगस्ट, रात्री ८:०१

फळमाशी. कोवळ्या फळाला डंख करून आत अंडी घालते. आतल्या अळीपर्यंत कोणतीही फवारणी पोचत नाही, म्हणून औषध मारण्यात अर्थ नाही. आज रात्रीच सगळ्या निरोगी फळांना जुन्या सुती कापडाच्या किंवा कागदाच्या पिशव्या बांधा. यापुढे परागीकरणानंतर दोन दिवसांनी पिशवी चढलीच पाहिजे.

किडकी फळं कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका. अळी मातीत कोष करून पुन्हा माशी होऊन येते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून टाकून द्या. वेलवर्गासाठी क्यू ल्यूरचा सापळा मिळतो तो लावा. आंब्यासाठीचा मिथिल युजेनॉलचा सापळा या माशीला चालत नाही. सापळ्यात फक्त नर अडकतात, तेव्हा पिशवीला पर्याय नाही.

निवृत्त_मास्तर | ६ ऑगस्ट, रात्री ८:२५

अजून अकरा दिवस हाताशी आहेत, मृगधारा. शिराळं पुन्हा धरेल. रोज संध्याकाळी वर जायचं सोडू नकोस.

वऱ्हाडी_ठेचा | ६ ऑगस्ट, रात्री ८:४०

जुन्या धोतराचं कापड उत्तम. आमच्या घरी कारल्यांना तेच.

मृगधारा | ७ ऑगस्ट, सकाळी ७:०५

रात्री साडेदहापर्यंत आम्ही दोघं पिशव्या शिवत होतो. भोपळ्याला सासूबाईंच्या जुन्या सुती नऊवारीचा तुकडा बांधला. बी पण त्यांचंच आहे. कपाटातल्या डब्यात राखेत ठेवलेलं सापडलं होतं, चिठ्ठीवर "भो. घरचा" इतकंच. पाच लावल्या, तीन उगवल्या, एक ठेवली.

काणकोण | ७ ऑगस्ट, सकाळी ७:५०

हे आधी का नाही सांगितलंत, ताई? आता या भोपळ्याचं बी राखायलाच हवं.

खानदेशी_वांगं | ७ ऑगस्ट, सकाळी १०:१५

अगदी. राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला असंच घरचं बी राखत बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. वालाचे किती प्रकार त्यांनी सांभाळलेत! घरच्या बीची किंमत ते हरवल्यावरच कळते. आमचं काटेरी वांगं गेलं ते गेलंच.

लिंबोणी | १४ ऑगस्ट, रात्री ९:१०

माझा पहिला दुधी! ७०० ग्रॅम. पण धाकटी जाऊ म्हणते थोडा कडवट लागतोय.

शेतीशाळा | १४ ऑगस्ट, रात्री ९:१४

लिंबोणी, कडू असेल तर खाऊ नका. शिजवूनही नाही, रस तर मुळीच नाही. कडू दुधीतली द्रव्यं विषारी असतात, उलट्या, रक्तस्राव, जिवावर बेतण्यापर्यंत प्रकरण जातं. दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्यावर आयसीएमआरनंही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) तसा इशारा दिला आहे. प्रत्येक दुधी चिरल्यावर आधी कच्चा कण जिभेला लावून बघायचा आणि कडू लागला तर थुंकून टाकायचा. बाकीचं फळ फेकून द्या.

लिंबोणी | १४ ऑगस्ट, रात्री ९:३०

सगळा टाकला. तिनं फक्त चव घेतली होती, ठीक आहे. तुम्ही वेळेवर लिहिलंत, तुमचे खूप उपकार.

मृगधारा | २१ ऑगस्ट, दुपारी ४:४०

चार दिवस मुसळधार. १६ ला संध्याकाळी छत्री धरून शिराळ्याची तीन फुलं केली होती, दोन धरलीत, पिशवीत आहेत. पडवळाला फुलं येतात पण धरत नाहीत, रात्री पावसात जमलं नाही. लाल माठ बोटभर उंच, विरळणी करून रोपं आमटीत टाकली. वेलांच्या पानांवर पिवळे ठिपके दिसतायत, केवडा रोग असावा. खालची पानं काढून टाकली.

रसायनशास्त्री | २१ ऑगस्ट, संध्याकाळी ५:२२

केवडाच. आता सात दिवसांसाठी काही फवारू नका, खायची भाजी आहे. पानं काढलीत ते योग्य केलंत, हवा खेळती राहू दे.

मृगधारा | २८ ऑगस्ट, रात्री ९:५५

झाली.

सकाळी सहाला आम्ही चौघं वर गेलो. भोपळा १ किलो ३५० ग्रॅम, साल हिरवी, आत फिकट केशरी. शिराळी दोन. भेंड्या आदल्या दिवशीच्या धरून तेवीस. मक्याची चार कणसं, मास्तर म्हणाले तशी, मध्ये मध्ये बोळकी. लाल माठाची एक भरगच्च जुडी, अळूची नऊ पानं आणि देठ. पडवळ नाही. सुरण आणि चिंच गुहागरच्या शेजारच्या काकूंनी एसटीनं पाठवली, त्यांच्या परसातली. मंडईतून काही आणलं नाही.

अळूला खाज होती म्हणून चिंच जरा जास्त घातली. वर ओलं खोबरं, हिरवी मिरची. सासरे पहिल्या घासाला काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा वाढून घेतली. मग म्हणाले, "मीठ ती यापेक्षा कमी घालायची." इतकंच. मी आत जाऊन रडले आणि मग जेवले.

तुम्हा सगळ्यांना ताटलीभर पाठवता आली असती तर किती बरं झालं असतं.

निवृत्त_मास्तर | २८ ऑगस्ट, रात्री १०:०८

पोचली, पोरी.

कोकणकडा | २८ ऑगस्ट, रात्री १०:३०

वाचून घरी आईला फोन केला. आजीच्या मांडवाची जागा अजून रिकामी आहे म्हणाली.

हिशेबनीस | २९ ऑगस्ट, सकाळी ९:४०

अभिनंदन, मृगधारा. टोमॅटोचं बी आज गादीवाफ्यात... म्हणजे घरातल्या ट्रेमध्ये टाकलं. महिन्यानं रोपं लावीन. चिपाडवालीताई, रसवंतीचा पत्ता व्यक्तिगत निरोपात द्याल का?

काणकोण | २९ ऑगस्ट, सकाळी ११:१५

पण बी? भोपळा कोवळा कापला म्हणजे बी गेलं ना!

मृगधारा | २९ ऑगस्ट, दुपारी १२:०२

नाही गेलं. ३ ऑगस्टला दुसरा एक धरला होता, तो मुद्दाम सांगितला नव्हता. नऊवारीच्या दुसऱ्या तुकड्यात आहे. तो कधी काढू?

शेतीशाळा | २९ ऑगस्ट, दुपारी १२:२०

देठ सुकून लाकडासारखा होईल आणि सालीत नख रुतणार नाही तेव्हा, साधारण सप्टेंबरच्या मध्यानंतर. काढल्यावर तीन आठवडे घरात तसाच ठेवा, आतलं बी भरत राहतं. मग बी धुऊन सावलीत वाळवा आणि राखेत ठेवा. परागीकरण हातानं करून फूल बांधलं होतंत, त्यामुळे बी शुद्ध असेल. नीट वाळवलेलं भोपळ्याचं बी चार-पाच वर्षं टिकतं.

मृगधारा | १९ सप्टेंबर, सकाळी ७:५०

आज बघितलं. देठ अर्धा सुकलाय, बुंध्याकडून अजून हिरवा आहे. नख रुततंय. ठेवलाय तसाच.